तिळाची साक्ष

शिवडीच्या खाजणाकडे पाठ करून
उभी होती आमची प्रयोगशाळा.
खिडकी उघडली की चिखलाचा वास,
मिटली की गरम सरकीचा.
तिसरी हवा मला सतरा वर्षं माहीत नव्हती.

तेल यायचं काळपट, तोंड वाकडं करणारं.
कॉस्टिकने त्याचा आंबटपणा काढायचा,
मातीने रंग,
वाफेने वास.
एवढं सगळं काढून घेतल्यावर जे उरे
त्याला आम्ही शुद्ध म्हणायचो.

मग खवणेकरांचं काम.
बंद भांड्यात निकेलची काळी भुकटी,
खालून हायड्रोजन,
आणि आत दुहेरी बंध एकेक सुटत जायचे.
काही सुटत नसत,
नुसते पाठ फिरवून बसत.
ते किती वाईट, हे पुस्तकांत फार उशिरा आलं.

खवणेकर सातवी पास. म्हणायचे,
"पोरगी दिल्यावर घर कसं गप्प होतं,
तसं तेल थिजतं बघा."
एक थेंब नखावर घेत, फुंकर घालत,
वॉल्व्ह बंद.
माझी केशनळी, माझा थर्मामीटर
अर्ध्या तासाने त्यांच्या नखाला दुजोरा देई.

डब्यात जाण्याआधी
शेकडा पाच तिळाचं तेल. कायदाच तसा.
चवीसाठी नाही;
उद्या कुणी हे तूप म्हणून विकलं
तर तीळ बोलावा म्हणून.
(खवणेकरांच्या तोंडात तीळ भिजत नाही,
असं अख्खं खातं म्हणायचं.)

एका पौषात ते रुमालातून
खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन आले.
"कुंदाच्या बाळंतपणाला घेतलं,
भायखळ्याच्या पेढीवरून, अख्खा बोनस गेला.
लाडू वळून झालेत, निम्मे संपलेत.
तरी बघा."

पातळ केलं. आम्ल ओतलं.
फरफुरालचे दोन थेंब.
नळी हलवून स्टँडला लावली.
तळाशी गुलाबी आलं,
आधी संशयाएवढं,
मग टोपडं शिवावं इतकं.

आमचाच तीळ.
आमच्याच फाटकातून गेलेला,
भायखळ्याला नाव बदलून
आमच्याच बाळंतिणीच्या ताटात बसलेला.

"साजूक आहे," मी म्हटलं,
नळी मोरीत उलटी करत.
नोकरीत एवढाच एक खोटा रिपोर्ट दिला,
तोही तोंडी.

खवणेकर मोरीकडे बघत राहिले.
पांढऱ्या फरशीवर रंग
पाणी सोडलं तरी जरा रेंगाळतो.
तीस वर्षं तेलात गेलेला माणूस तो.
"मग झालं," म्हणाले,
आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी कागदात बांधून
डिंकाचा एक लाडू आणला.
बॉयलरच्या आडोशाला
अर्धा त्यांनी, अर्धा मी.
टाळूला तूप चिकटलं, कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर नऊ वर्षं होते ते खात्यात.
युनियनची गुपितं, साहेबांची लफडी,
सगळं त्यांच्याकडून कळे.

हे मात्र नाही.
तीळ भिजला.