काठोकाठ

"महागवालं करा ना मॅडम, डायरेक्ट,"
जावई म्हणाला. हातात एटीएम कार्ड,
पायांत दोन वेगवेगळ्या चपला.
धंतोलीत पहाटेचे पावणेसहा,
मे महिना, स्ट्रेचरची दांडी आत्ताच कोमट.

चिंतामण बारापात्रे, वय एकसष्ट, पाचपावली.
उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा
तसा बाजूला पडलेला.
तोंडात शब्द होता,
त्याला दार सापडत नव्हतं.

मी स्वस्तवालं केलं आधी.
सीटी घाईतली बाई आहे,
उंबऱ्याबाहेरूनच विचारते: रक्त सांडलंय का घरात?
दीड मिनिट. नाही.
पांढरा डाग कुठेच नव्हता.
"काही दिसत नाही," मी म्हटलं,
आणि शेवंताबाईंनी काचेला हात जोडले.

हे वाक्य मी बारा वर्षं बोलते आहे,
अजून नीट बोलता येत नाही.
दिसत नाही, म्हणजे फुटलेलं नाही.
तुंबलेलं असेल.
तुंबलेलं तिला इतक्या लवकर कळत नाही.

डॉक्टर खापेकरांनी एकच विचारलं:
धड असताना शेवटचं कधी पाहिलं?
"अकराले. झोपले तवा चांगले होते जी."
सगळ्यांनी भिंतीवर पाहिलं.
गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांचं,
इथे पावणेसात होऊन गेलेले.

मग दुसरी खोली, आणि माझी यादी.
पेसमेकर? नाही. सळई, प्लेट, स्क्रू? नाही.
धंदा?
"कूलर बनवतेत. पत्रा कापतेत ग्राइंडरवर.
एकदा डोळ्यात कण गेल्ता."
माझा हात दारावरच राहिला.
त्या खोलीत लोखंडाचा कणसुद्धा
जागा सोडून निघतो.

परत सीटीकडे. तीच चित्रं,
जरा खाली उतरून पाहिली:
दोन डोळे, दोन स्वच्छ गोळे.
घाईतल्या बाईनेच
दुसरीचं दार उघडून दिलं.

आत ठोकाठोक सुरू झाली.
अठ्ठावीस वर्षं पत्र्याच्या दुकानात काढलेला माणूस
त्या आवाजात एकदाही दचकला नाही.
बहुतेक त्याला वाटलं असेल
सीझन सुरू झाला.

डाव्या मेंदूत एक तुकडा उजळला.
सीटीत पांढरं म्हणजे रक्त.
इथे पांढरं म्हणजे तहान,
पेशींत कोंडून जागच्या जागी थिजलेलं पाणी.
आणि पुढच्या फेरीच्या चित्रात
तीच जागा अजून नेहमीसारखी, करडी,
जणू तिला बातमीच पोचली नाही.
म्हणजे रात्रीचं नाही हे.
पहाटेचं आहे.

हे सांगायला मी बाहेर आले
तर शेवंताबाई जावयाशी भांडत होत्या.
"टाकी भरून होती कूलरची, काठोकाठ!
म्या नाही भरली. तू भरली?
नळ तर चारले येते."

कुणीच काही बोललं नाही.
वॉर्डबॉयसुद्धा पाईप घरंगळत न्यायचा थांबला.
मनातल्या मनात मी त्या माणसाला पाहिलं,
अंधारात, दोन्ही हातांत बादली,
घर झोपलेलं.

खापेकरांनी फाइलवर लिहिलं:
शेवटचे धड, पहाटे चार.
खाली बारीक अक्षरांत: टाकी.
सहा वाजून वीस मिनिटांनी सुई गेली.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई अंगठी न्यायला आल्या,
तांब्याची, माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलेली.
"बोलतात का?"
"बोलतेत ना. पण सारं उलटंपालटं.
मले कूलर म्हणतेत."
पदर तोंडाशी धरून हसल्या,
मग हसणं लांबलं आणि काहीतरी वेगळंच झालं.
"हात?"
"दोन बोटं."

अंगठी त्यांनी स्वतःच्या अंगठ्यात घातली.
सैल होती.
मूठ मिटून घेतली आणि लिफ्ट न घेता
जिन्याने वर गेल्या.