ओता

सारेमा बेटावरच्या बंदरात, बोटी दुरुस्त करायच्या शेडमध्ये
मारिका दोन कंपायलर समोर घेऊन बसली आहे.
नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवा लावावा लागला.
टेबलावर बोयाची चिप, नखाएवढी.
जागा आठ हजार एकशे ब्याण्णव बाइट,
वर एकही उसना मिळत नाही.

पहिला कंपायलर एंडेलचा.
लायसन्स त्याच्याच नावाचं,
प्रिंटरच्या पोर्टात खोचायची करडी किल्ली,
आणि ती किल्ली ओळखणारा एकुलता एक कॉम्प्युटर,
ज्याचा पंखा दम लागल्यासारखा फिरतो.
कंपनी कधीच बुडाली, फोन उचलायला कुणी नाही.
पण कोड नेमका बसतो: आठ हजार एकशे तीस.
बासष्ट बाइट शिल्लक.
किल्ली मेली की सगळंच मेलं.

दुसरा फुकट. जगभरच्या अनोळखी हातांनी लिहिलेला.
काटकसर नको म्हटलं, तर नऊ हजार चारशे:
चिपच्या दाराशीच अडकतो.
काटकसर कर म्हटलं,
तर पाच हजार आठशे!
मारिका खुर्चीतून उठलीच.

चिप भरली, दिवा जोडला.
एक सेकंद उजेड, पाच सेकंद काळोख हवा होता.
दिवा मिणमिणत राहिला. अखंड.
खाडीच्या तोंडाशी असा दिवा म्हणजे
बोया नव्हे, कुणाच्या तरी घराची खिडकी,
आणि खिडकीकडे माणसं बिनघोर येतात.

मग ती असेम्ब्लीत उतरली,
कंदील घेऊन तळघरात उतरावं तशी, पायरी चाचपत.
एंडेलचं एक फंक्शन होतं, नाव ओता.
तिच्या भाषेत त्याचा अर्थ: थांब.
माझ्या मराठी कानाला मात्र ओतणंच ऐकू येतं,
कुणीतरी काळोख ओततंय, धार न तुटू देता.
आत नुसतं रिकामं लूप.
तीस हजारांपर्यंत मोज, काही करू नकोस.
नव्या कंपायलरने ते वाचलं असणार
आणि जुन्या पेढीवरच्या कारकुनासारखं
एका रेघेत काढून टाकलं.
काहीच करत नाही, मग कशाला?
त्याचंही चुकलं नव्हतं.
भाषेच्या नियमांत वाट पाहणं
काम म्हणून नोंदलेलंच नाही.

तिने तार्तूला फोन लावला.
एंडेल आता मुलीकडे असतो, डाव्या कानाने ऐकतो.
"जुना हुशार नव्हता," तो म्हणाला,
"सांगू तेवढंच करायचा, म्हणून निभावलं.
नवा घे. पण त्याला सांग."
काय सांगू?
पलीकडे कपात चमचा फिरत राहिला, बराच वेळ.
"की तिथे माणूस मोजत असतो."

एकच शब्द लागला, व्होलाटाइल,
मोजणाऱ्या आकड्याच्या आधी.
म्हणजे, ह्याला हात लावू नकोस,
इथे तुला न दिसणारं काहीतरी घडतं.
सहा हजारांच्या आत मावलं सगळं.
फक्त तीस हजारांचा हिशेब आता जुळेना;
सव्वीस हजार, एकवीस, बावीसला थोडं कमी,
स्टॉपवॉच दाबत रात्रीचे दोन.

वहीत निवडीची नोंद करायची असते.
नाव लिहिलं, आवृत्तीचा आकडा, तारीख.
कारणाच्या रकान्यात 'जागा' लिहिलं. खोडलं.
'किल्ली' लिहिलं. तेही खोडलं.

तीन दिवसांनी, पहाटे, धुक्यात
युलो हेरिंगची खोकी घेऊन परतत होता.
उजेड दिसला, गेला.
त्याने इंजिन मंद केलं, ओठांतल्या ओठांत मोजू लागला.
चारपर्यंत आला.
पाचला तोंड अर्धवट उघडं राहिलं,
मग सुकाणू डावीकडे.