हरित

निपाणीच्या गुरुवारच्या बाजारात
किल्ली हरवलेली कुलपं, एक मुकी घंटा, बिनकाट्याचं घड्याळ,
त्याखाली हा मिटून पडला होता.
साठ म्हणाला, पन्नासला दिला.
उघडताना करकरला
आणि तळहातावर लाल भुगा सांडला.
दांड्यावर तीनच अक्षरं उरलेली
कुठल्यातरी परदेशी गावाची.

संकेश्वरात, डेपोच्या मागं
मिरचीच्या गोदामाला चिकटून बसलिंग हडपदचं दुकान.
आरसा एक, खुर्ची एक.
गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग बसतं.
आता तोही अर्ध्या ब्लेडनंच दाढी करतो, सगळेच करतात;
पण खालच्या खणात, तेलकट फडक्यात
त्याच्या बापाचे दोन वस्तरे निजलेत.

"शिकवा," म्हटलं.
त्यानं वस्तरा बघितलाच नाही, माझे हात बघितले.
सत्तावीस वर्षं बसच्या चाकांचे नट आवळलेले हात.
"पयला ह्यास्नी रिकामं कर," म्हणाला,
आणि चहा सांगितला.

आठ दिवस नुसता दगड.
पेन्सिलीनं चौकटी आखायच्या,
दुसऱ्या दगडावर पाणी सोडून घासायच्या
शेवटची रेघ जाईपर्यंत. मग पुन्हा आखायच्या.
"दगुड वाकडा असला
तर पातं खोटं शिकतंय की रे."

मग गंज. रॉकेल, चाळलेली राख, बांबूची काडी.
पितळी खिळ्याला चिंच.
मुठीची शिंगाची चीर डिंकानं धरली, दोऱ्यानं बांधली,
दोन दिवस वस्तरा
हात मोडलेल्या पोरासारखा फळीवर.

आणि मग ते, ज्यासाठी आलो होतो:
पाठ आणि धार एकदमच टेकवायची,
धारेच्या दिशेनं पुढं न्यायची,
वळताना पाठीवर वळायचं.
इतकंच.
इतकं मला तीन महिने आलं नाही.
माझं मनगट मध्येच जुनी नोकरी आठवायचं.
"काय नट पिळालास?" खुर्चीवरनं ओरडायचा,
गिऱ्हाइकाच्या ओठावर फेस तसाच.
सगळी धार मुडपून जायची. पुन्हा जाड दगड.

एकदा नखावर टेकवून बघितलं त्यानं.
"हरित इल्ला."
मी म्हटलं, हिरवं कुठलं?
तो इतका हसला की खोकला लागला.
हरित म्हंजे कन्नडात धारदार.
त्या दिवसापासून मात्र माझं बिनसलं.
हिरण्यकेशीच्या काठचा ऊस बघितला
की अंगठा आपोआप मागं यायचा,
आणि दगडावरच्या राखाडी पाण्यात
मी कोवळं काहीतरी शोधत बसायचो.

एके संध्याकाळी दगडाचा आवाज थांबला.
पातं चालूच होतं, आवाज नव्हता.
बसलिंगनं रेडिओ बंद केला.
चामोटीवर साठ वेळा, मोजून त्यानंच.
मग स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून धरला,
पांढरा. स्पर्श झाला न झाला,
अर्धा खाली पडला.
टाचेजवळचा खवा मात्र गेलेला नव्हता.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला, "तेवढं काढायला गेलास
तर अर्धं पातं जाईल.
गालाला ते टोक लागतंय कुठं?"

आणि फेस स्वतःच लावून
स्वतःच्याच खुर्चीत बसला. हनुवटी वर केली.
"कर."

उजवा गाल झाला. जबड्याखाली आलो.
गळ्याची शीर उडत होती, बेडकासारखी,
आणि बघतो तर हा घोरतोय.
तेवढ्यात शेजारी कुणीतरी पोतं झाडलं.
नाकात आली ती, संकेश्वरी, लाल.
पातं पाठीवर वळवलं, उचललं,
हात लांब केला, भिंतीकडं,
आणि मग शिंकलो, खुर्ची हलेपर्यंत.

"सावकाश," तो म्हणाला, डोळे मिटलेलेच.
कुठल्या भाषेत म्हणाला, सांगता येत नाही.
हा शब्द दोन्हीकडं तोच आहे.

डावा गाल राहिला होता अजून.