पॅटर्न एकोणनव्वद

लॅमिंग्टन रोडच्या मुस्तनसिरभाईंनी
मशीन जुन्या पेपरात गुंडाळून दिलं.
सोळा पॅड आहेत, म्हणाले, चौदा चालतात,
सातवा जोरात मारा, दहाव्याचं नाव काढू नका.
आणि आतली बॅटरी बदला, बाई,
ती गेली की ह्याला काही आठवणार नाही.

घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाचं ताट सरकवून जागा केली.
सकाळी दहाला वीस सेकंदांचा ताल द्यायचा होता,
हिंगाच्या डबीसाठी.
जरा गावरान, पण स्वच्छ, असं साहेबांचं म्हणणं.

बटण दाबलं तर आत कोणीतरी राहत होतं.

आठ अक्षरांत मावतील अशी नावं:
हळद १. हळद २. मांडव. वरात. वरात फा.
काकू.
काकूच्या खाली पुन्हा काकू, थोडी संथ.
आणि एका घरात नुसतंच तांडेल,
पाटीवर असतं तसं.

हळद २ लावली.
दारात कोणी चपला काढाव्यात तशी सुरू झाली.
ठोका जागच्या जागी, टाळी जागच्या जागी,
फक्त तेराव्या घरातली टिमकी
केसभर उशिरा.
चूक, असं वाटलं. मोजलं. सात टिक.
वरातीत पाहिलं, सात. मांडवात सात.
दोन्ही काकूंत सात.
चूक इतकी नेमाने येत नाही.
समोर नाचणारं कुणी गिरकीत पदर सावरायचं,
तेवढं तो थांबत असेल,
किंवा त्याचा हातच तसा असेल, मला काय माहीत.

एक प्रत काढून क्वांटाइज केलं.
सगळे ठोके कवायतीला उभे राहिले,
नखं कापलेले, भांग पाडलेले.
हिंगवाल्यांना हेच हवं होतं.
पैसेही वेळेवर आले.

मग बॅटरीचं काम.
ती काढली की तांडेल जाणार,
म्हणून भाचीची चौकटीची गणिताची वही मागून घेतली.
एक ओळ म्हणजे एक वाद्य, सोळा चौकोन,
जोराला फुली, हलक्याला टिंब,
तेरावी फुली रेघेला चिकटवून, उजवीकडे.
चार रात्री लागल्या.
मान धरली, पेन संपलं, खालच्या मेसवाल्याने विचारलं,
परीक्षा आहे का काही?

एकोणनव्वदावा: हॉस्पिटल.
सोळाही घरं रिकामी, सगळ्या ओळींत.
वाटलं, करायला घेतला आणि राहिला.
पुसायच्या बटणावर अंगठा गेलासुद्धा होता.
तेवढ्यात दिसलं, शेवटच्या ओळीत, पहिल्या घरात,
बंद झांज, आवाज तीन.
एकशे सत्तावीसपैकी तीन.
हेडफोन घातला, आवाज पूर्ण चढवला, पंखा बंद केला,
तेव्हा ऐकू आलं,
कोणी कुणाला उठवू नये म्हणून
बशी ठेवावी तसं.
वेग वरातीचाच.
आणि पुढे लिहिलेलं: बत्तीस वेळा,
मग वरात फा.

बत्तीस का, हे वहीत कसं मांडायचं?

कुठलं हॉस्पिटल तेही लिहिलं नव्हतं.
मी परळचं धरलं.
रविवारी भिंतीच्या कोपऱ्यावर उभी राहिले,
मशीनचा वेग पायांत घेतला आणि निघाले.
डोक्यात टिक, पंधरा घरं काही नाही, टिक.
भिंतीला टेकून एक माणूस डबा उघडत होता,
पलीकडे कोणी फोनवर रक्तगट सांगत होतं,
टिक.
ताशेवाल्यांच्या काठ्या काखेत,
घोड्याला कुणी चुचकारतंय,
पुढे दिवे धरलेल्या बायका न बोलता,
आणि गाडीवर तो, एका कानाला लावून,
सगळ्यांचा ताल एकटा सांभाळत.
असं असेल.

भिंत एकोणिसाव्यालाच संपली.
वरात हळू चालते, हे मी विसरले होते.
उरलेली तेरा आवर्तनं
रसवाल्याच्या गाडीपाशी उभी राहून मोजली.
त्याने दोनदा विचारलं, आलं घालू का?
मी बोटानेच थांब म्हटलं.

घरी आले.
सोल्डरिंग तापत ठेवलं.
वहीत पहिल्या चौकोनात एक टिंब दिलं,
शिसपेन टोकदार करून, जेमतेम दिसेल एवढं,
आणि बॅटरी काढली.