पाचवी बाटली

सोहारला आमच्या प्रयोगशाळेत एसी इतका
की बाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो.
आत पाण्याच्या आठ बाटल्या,
नावं झाकलेली, वर नुसते आकडे.
कुठली आधी, ते चिठ्ठ्या ठरवणार.
जुवैना मॅडम म्हणाल्या, ओळीने केलंस
तर दुपार कलताना हात दमतो,
डोळा दयाळू होतो,
आणि खापर सगळं आठव्या बाटलीवर.

त्याआधी कोरं.
ज्यात काही नाही असं पाणी घ्यायचं आणि तेही मोजायचं.
ब्युरेट ०.१० वर थांबलं.
काहीच नसण्याचेही एवढे पडतात,
ते प्रत्येकातून वजा.

क्रोमेटचा पिवळा, त्यात सिल्व्हर नायट्रेट
थेंब थेंब. ताकासारखं गढूळ होत जातं.
लाल उमटतो, हलवला की विरतो,
पुन्हा उमटतो.
जो विरत नाही, तिथे हात थांबवायचा.
नौफल दर वेळी एक थेंब पुढे जायचा,
मी एक थेंब आधीच घाबरायचे.
आमची दोघांची सरासरी अचूक यायची,
मॅडमना ती मान्य नव्हती.

४.१५. ४.२०. ३.९५.
पाचवी, ११.६०.

मी पेन्सिलीने तिच्यावर बारीक रेघ ओढली.
हात चुकला असेल.
"कोणाचा?" मॅडम मागेच उभ्या. "पाण्याचा?"

तीनदा परत केलं.
११.५५, ११.६५, ११.६०.
बोटं काळी पडली, साबणाला दाद देईनात.

मग यादी उघडली.
पाच: रफीकचाचा परकार, कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर,
गाव दाभोळ,
इथे सहाजणांत एक खोली, गच्चीवर टाकी.
मी सांगितलं तसं
त्याच पाण्याने तीनदा विसळून बाटली भरली होती त्यांनी.
"चहा खारट लागतो, पोरी. दोन वर्षं सांगतोय.
कंपनी म्हणते, तुझी जीभ बिघडली."

रेघ खोडली मी. वही उजेडात धरली
की अजून दिसते.

बसमध्ये सांगितलं, इंजिन चालूच होतं.
"म्हणजे मी खरं बोलत होतो?"
"पंच्याण्णव टक्के, चाचा."
ते हसले, आरसा नीट केला,
गिअर टाकला.
"आणि उरलेले पाच कोणाचे?"

फलजचं गोलचक्कर येईपर्यंत
मी बोटं चोळत बसले.