पहिला मणका

दालबाजारातले परसादी
मान वळत नाही म्हणून अख्खेच वळतात.
ग्वाल्हेरच्या ऐन उन्हाळ्यात, जिन्याखालच्या माझ्या दवाखान्यात,
ट्यूबलाइटवर एक्स-रे धरून मी बोट ठेवते:
हा पहिला. याचं नाव ॲटलास.

"नकाशांचं पुस्तक?"

पुस्तकही. पण आधी एक दांडगा होता,
देवांशी लढून हरलेला.
त्याला जगाच्या पश्चिम टोकाला उभा केला
आणि मानेवर आकाश दिलं.
चित्रांत पृथ्वी काढतात, ती चूक.

"आकाशाला वजन असतं?"

केस संपतात तिथं मी अंगठे रोवते.
सुंभासारखं लागतं.
या मणक्याला बाकीच्यांसारखा देह नाही, सांगते,
नुसतं कडं. त्यावर पाच किलोचं डोकं.
पाच किलो! ते उशीत हसतात.
चाळीस वर्षं तूर, मसूर, क्विंटलचं पोतं.

नावाच्या मुळाशी सोसणं आहे म्हणे,
आणि आपलं तोलणंही तिथलंच,
तराजूची तुला, छपराखालची तुळई,
सगळी लांबची भावंडं.

ते बराच वेळ गप्प.
"थोरला माझा तुलावटी आहे. काट्यावर बसतो.
मी उचलायचो, तो आकडा सांगायचा.
शब्द एकच म्हणता?"
बहुतेक.

"मग सुटला का तो कधी?"

एकदा. एका पहिलवानानं आकाश घेतलं जरा वेळ,
हा सोन्याची सफरचंदं आणायला गेला.
परतला तो मोकळ्या खांद्यांनी,
म्हणाला, आता तूच धर.
पहिलवान म्हणाला, बरं.
चुंबळ तेवढी नीट करतो, क्षणभर घे.

चुंबळ त्यांना कळेना.
मी नॅपकिन गोल पिळून दाखवला.
"गेंडुरी!"
आणि माझ्या हाताखाली मान एकदम दगड.
"घेतलं त्यानं?"

घेतलं.

"घ्यायचं नव्हतं. गेंडुरी सरकली
तर ओझं खाली टेकवतात,
दुसऱ्याच्या डोक्यावर नाही देत."

खाली कुठं टेकवणार, मी म्हटलं. आकाश होतं.

यावर ते काही बोलले नाहीत.
उठले, गुंड्या लावल्या,
टेबलावरची नॅपकिनची चुंबळ उचलून
डोक्यावर ठेवून बघितली, थोडी डावीकडे सरकवली.
मग घडी घालून परत दिली.
मंगळवारी येतो म्हणाले, थोरल्याला घेऊन,
त्याचीही मान धरते हल्ली,
नुसतं काट्याकडे बघून.