एकास हजार

पार्सल आलं आखाजीच्या आदल्या दिवशी.
बर्फाचं पाणी झालेलं, आणि थर्माकोलच्या खोक्यात
करंगळीच्या पेराएवढी एक कुपी.
पन्नास मायक्रोलिटर. म्हणजे एक थेंब.
बिल एकतीस हजार चारशे.
कुरियरवाला उजेडात धरून म्हणाला, ताई, रिकामीच दिसतेय.

लेबलावर : ससा. पॉलिक्लोनल. फक्त संशोधनासाठी.
कुठल्याशा परक्या गावात त्या सशाला
एका प्रथिनाचा तुकडा टोचला, पुन्हा टोचला,
इतका, की त्याचं रक्त ते प्रथिन विसरेना.
ती न विसरण्याची गोष्ट आता माझ्या हातात,
बाहेर जळगाव पंचेचाळीस अंश आठवर,
गिरणेच्या वाळूत पाय ठेवायची सोय नाही.

सुपडू महाजन काचा धुता धुता विचारतो,
हाई काय शे?

मी सांगते. पेशी तापली, की आतली प्रथिनं
आपली घडी विसरतात,
दाट घातलेल्या ओल्या बिबड्यांसारखी
एकमेकींना चिकटतात, कामातून जातात.
तेव्हा एक प्रथिन येतं. हात धरतं.
कशात मध्ये पडत नाही, स्वतः काही घडवत नाही,
समोरचीची घडी बसली की सोडून देतं.

पाठराखीण, म्हणतो सुपडू. आणि पुढची बाटली घेतो.

पाच वर्षं मी त्याला शॅपरोन म्हणत होते.

निंभोऱ्याच्या मळ्यातून केळीची दोन पानं आणली होती :
एक पहाटे पाचचं, एक दुपारी अडीचचं.
कुटली. केळीच्या चिकाने ॲप्रन कायमचा काळा झाला.
जेलवर चढवली, पडद्यावर उतरवली,
पडदा दुधाच्या भुकटीत बुडवला, म्हणजे
ओळख भलत्याच जागी चिकटू नये.
मग अँटीबॉडी, एकास हजार :
हजार भाग पांढरं दूध, एक भाग आठवण.

रात्री अकराला लाईट गेली.
जनरेटरने दोनदा खोकून दाखवलं.
फ्रीजरचा काटा उणे वीस, उणे सतरा, उणे चौदा,
आत कुपीत उरलेला थेंब.
ज्याने उन्हाची दाद लावायची
त्यालाच ऊन सोसत नाही.

सुपडू लुना घेऊन गेला आणि
बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात लादी आणली.
फोडली. वरून मूठमूठ जाडं मीठ.
कुल्फीवाल्याकडे दोन उन्हाळे होतो, म्हणाला,
याच्याखाली कोणी जात नाही.
थर्मामीटर घातला. उणे एकोणीस.

मग थर्मासवर हात ठेवून बसला रात्रभर,
आणि अंधारात, कोणी विचारलं नसताना :
मी गयथू ना ताई. बहीनना संगे. पारोळाले.
नऊ वर्षांचा. घरात बाई माणूस मोकळं नव्हतं.
ती रात्री रडायची, मी उशाशी बसायचो.
काय बोलावं ते येत नव्हतं, म्हणून बोललो नाही.
पाचव्या दिवशी ती चुलीपाशी हसली कशाला तरी.
सहाव्या दिवशी मला एसटीत बसवून दिलं.
फोटोत मी नाही.
आता आखाजीलाही येत नाही ती, तिकडेच रमली.

लाईट पहाटे आली. उरलेलं सगळं नेहमीचं :
धुणं, दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुणं,
डार्करूमचा लाल दिवा, पंख्याविना घाम.
फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत होते तेव्हा
तो मागे उभा होता, चपला बाहेर काढून.

पहाटेच्या पानापुढे धूसर काहीतरी,
असेल नसेल असं.
अडीचच्या पानापुढे, बरोबर सत्तरच्या खुणेवर,
काजळाचं बोट ओढावं तशी रेघ.

हाई ती?
हो.
मंग नवरी कोठे शे?

आहे तिथेच, पडद्यावर. हजारो असतील.
पण दिसायची नाही.
हे औषध फक्त पाठराखणीलाच ओळखतं.

तो बराच वेळ बघत राहिला. फिल्ममधून
थेंब गळत होते त्याच्या पायांवर.
मग म्हणाला, बरं शे,
आणि ट्रे धुवायला घेतला.